थेंबही न गळणारी गळती : एका जुन्या शक्तिमानची डिझेल लाइन

उसाच्या हंगामात चिखलात रुतलेल्या ट्रॉल्या ओढून काढणारी गाडी, आणि तिलाच ट्रॅक्टर लावून साताऱ्यापर्यंत आणावं लागलं. म्हणून सुभेदार वाटभर ट्रॅक्टरवरच्या पोराशी एक शब्दही बोलले नव्हते. गॅरेजच्या दारात साखळी सोडली आणि मला म्हणाले, "मिस्त्री, पैसं घाटात गेलं, आब पण घाटातच गेली. आता तू काय ती सांग."

सुभेदार अपशिंगे मिलिटरीच्या अलीकडच्या एका गावचे. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी फौजेच्या सप्लाय कोअरमध्ये हीच गाडी, म्हणजे शक्तिमान ट्रक, हाकली. निवृत्तीनंतर डिस्पोजलच्या, म्हणजे फौजेनं काढून टाकलेल्या गाड्या विकणाऱ्या, व्यापाऱ्याकडून एक शक्तिमान घेतली ती हौसेनं, पण गाडी दारात नुसती उभी ठेवणारा माणूस नव्हे. हंगामात ट्रॉल्या ओढायच्या आणि उन्हाळ्यात मागं तीन हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवून यवतेश्वरच्या वर खेपा टाकायच्या, असं गाडीचं वर्ष भरतं.

ज्यांनी ही गाडी फक्त संचलनात पाहिली असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून ती जबलपूरला बनू लागली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि चारही चाकांना ओढ. या चार चाकांच्या ओढीसाठी गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस नावाचं जे भलंमोठं धूड चासीच्या मधोमध लटकतं, ते लक्षात ठेवा. आपलं सगळं दुखणं त्याच्या डोक्यावर होतं.

तक्रार अशी. सकाळी गाडी लागायची नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हँड प्राइमर, म्हणजे हातानं डिझेल ओढायचा दट्ट्या, तीस-चाळीस वेळा मारला की लागायची. सपाटीला ठीक. घाट लागला, गाडी भरलेली असली, की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर श्वास लागल्यासारखी हुंदके द्यायची आणि बंद. फिल्टरवरचा बोल्ट सैल केला की फेस यायचा. म्हणजे एअर धरत होती, डिझेलच्या लाइनीत हवा शिरत होती, यात कुणालाच शंका नव्हती. प्रश्न हवा कुठून शिरते एवढाच.

त्यावर माझ्याकडं येण्याआधी एका ठिकाणी दोन्ही फिल्टर बदलून झाले होते, फीड पंपाला किट टाकून झालं होतं, तांब्याचे सगळे वायसर नवे होते, शेवटी इंजेक्टरांना डिझेल देणारा मेन पंप उतरवून कॅलिब्रेशनही झालं होतं. एकही काम वाईट केलेलं नव्हतं. फक्त ते सगळं बॉनेट उघडलं की हात पोचतो अशा जागचं होतं. चासीच्या आतून मागं जाणाऱ्या पाइपाला कुणी बोट लावलेलं नव्हतं, कारण तिथं थेंब गळत नव्हता. खालची जमीन कोरडी, तर लाइन शाबूत, असा हिशेब.

हा हिशेब फीड पंपाच्या पुढं खरा आहे. पंपाच्या पुढं डिझेल दाबाखाली असतं, तिथं भोक पडलं तर ते बाहेर येतं आणि दिसतं. पंपाच्या मागं, डिझेलच्या टाकीकडच्या अंगाला, ओढ असते. तिथं भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. उसाचा रस स्ट्रॉनं पिताना स्ट्रॉला चीर असली तर शर्टावर रस सांडत नाही, नुसतं फुरफुर होतं आणि तोंडात काही येत नाही. तसंच.

मी विचारलं, "आप्पा, डिझेलची टाकी भरलेली असताना पण बंद पडते का?"

ते थोडे थबकले. "न्हाय. फुल्ल असली की शहाण्यासारखी जाती. निम्म्याच्या खाली आली की नाटकं."

निम्मं निदान या एका वाक्यात झालं. मेन पंपात दोष असता तर त्याला टाकी किती भरलीय याच्याशी काय घेणं? पातळी जितकी खाली तितकं डिझेल वर ओढायला जोर जास्त, आणि जोर जास्त तितकी चिरेतून हवा जास्त. घाटात तर आणखीच. या गाडीत टाकीपासून फीड पंप अडीच मीटर पुढं आहे. दहाला एक असा चढ धरला तर पंप टाकीपेक्षा पंचवीस सेंटिमीटर आणखी वर जातो. आकडा मोठा नाही, डिझेलचं वजन धरून पाण्याच्या हिशेबात वीस-एकवीस सेंटिमीटरच. पण चिरेतून हवा शिरायला तेवढं पुष्कळ झालं. त्यात भार घेतल्यावर इंजिनाला डिझेलही जास्त लागतं.

अंदाजावर मात्र मी पाना उचलत नाही. फीड पंपाच्या अगोदर वीतभर पारदर्शक नळी जोडली. गाडी लावली, ॲक्सिलेटर दिला. नळीत मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. सुभेदार वाकून बघत होते. एवढे पैसे घातल्यावर पहिल्यांदा त्यांना दुखणं डोळ्यांनी दिसत होतं.

मग लाइन तुकड्यातुकड्यानं वगळत गेलो. एका कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेऊन तो टाकीच्याच उंचीवर ठेवला आणि तिथून सरळ फीड पंपाला नळी दिली. बुडबुडे बंद. (कॅन बॉनेटवर ठेवून ही चाचणी करणारे खूप आहेत. वरून डिझेल आपोआप उतरतं, पंपाला ओढावंच लागत नाही, आणि फीड पंपात दोष असला तर तोही झाकून जातो. कॅन खालीच ठेवायचा.) म्हणजे फीड पंप आणि पुढचं सगळं ठीक. आता कॅन काढून गाडीच्या टाकीतल्याच पाइपाला नवी नळी जोडली, ती चासीच्या बाहेरून तात्पुरती पुढं आणली. तरीही बुडबुडे नाहीत. म्हणजे टाकीतला पाइपही ठीक. उरली ती मधली पावणेतीन मीटरची चासीतली लाइन.

ती दोन्ही टोकांनी सोडवली, एका टोकाला बूच मारलं, दुसऱ्याला गेज लावून सायकलच्या पंपानं पाच-सहा पौंड हवा भरली. मिनिटभरात काटा शून्यावर. ही हवा फक्त सुटलेल्या पाइपात भरायची, टाकीला जोडून कधीच नाही. टाकीचा पत्रा त्यासाठी बनवलेला नसतो.

साबणाचं पाणी लावायला जागाच नव्हती, म्हणून रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं चासीच्या आतून हळूहळू सारत नेलं. भाच्याला पंप मारायला लावलं. ट्रान्सफर केसच्या वर, क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीच्या, मागं, सापानं टाकावा तसा बारीक फूत्कार आला. मोबाइल काठीला बांधून आत घातला आणि फोटो काढला. त्यात दिसलं ते असं: मूळचा पोलादी पाइप तिथं कुणीतरी कापून त्याला हातभर तांब्याचा तुकडा जोडलाय. जॉइंट बरोबर ट्रान्सफर केसच्या डोक्यावर. क्लिपचं रबर झडून गेलंय आणि तांब्यावर लोखंडाची घासण.

हे कुणी केलं असेल? ट्रान्सफर केस कधीतरी उतरवली असेल तेव्हा समोर सगळं मोकळं दिसलं असणार. तिथंच पाइप कापला, तिथंच जोडला, वर केस चढवून टाकली. पुन्हा कुणाला तिथं हात घालावा लागेल हा विचार त्या माणसाच्या मनाला शिवला नाही. मला त्याचा राग तांब्यापेक्षा जॉइंटच्या जागेसाठी जास्त आला.

तांबंही चूकच. हातानं वाकतं, ऑलिव्ह, म्हणजे जॉइंटमध्ये आवळून बसणारी कडी, छान बसते, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण सततच्या थरथरीनं ते कडक होत जातं आणि एक दिवस ऑलिव्हच्या कडेलाच तडकतं. शिवाय तांब्याच्या संगतीत डिझेल लवकर खराब होतं, त्यात चिकट गाळ धरतो. जस्ताचा थर दिलेला पाइपही डिझेलला चालत नाही. पोलाद बरं.

हात कुठून घालायचा

आता खरी अडचण. खालून ट्रान्सफर केस, बाजूला चासी, पुढं क्रॉस मेंबर, वर लाकडी तळाची बॉडी. उताणा झोपून उजवा हात आत घातला की कोपर क्रॉस मेंबरला अडायचं आणि बोटांची फक्त टोकं नटाला लागायची. ओपन पान्यानं नट फिरवायचा म्हटलं तर, पाना दर खेपेला उलटा केला तरी, किमान बाराव्या हिश्श्याचा फेर लागतो. इथं पाना घुसला तर हलत नव्हता.

सोपा मार्ग होता. आतली लाइन तशीच मरू द्यायची आणि चासीच्या बाहेरून नवी टाकायची. दोन तासांचं काम. गिऱ्हाईक नेहमीच्या ट्रकचं असतं तर कदाचित केलंही असतं. पण ही गाडी उसाच्या रानात शिरते. बाहेरच्या अंगाला दगड, खोडवे आणि ट्रॉली ओढताना फटकारणारी साखळी आहे, वर सायलेन्सरचा पाइप त्याच बाजूनं जातो. जर्मनांनी लाइन चासीच्या पोटात ठेवली ती उगाच नाही.

ट्रान्सफर केस उतरवणं म्हणजे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, लिव्हर, ब्रेकचे रॉड, सगळंच सोडवायचं. दोन दिवस सहज गेले असते आणि वर एखादं सील नव्यानं गळायला लागलं असतं. म्हणून बॉडी उचलायची ठरवली. पुरी नव्हे. पाण्याची टाकी आधीच रिकामी करून उतरवली होती. बॉडीचे पुढचे यू बोल्ट काढले, मागचे नुसते सैल केले आणि पुढची बाजू चेन ब्लॉकनं पाच इंच वर घेतली. आदल्या रात्री बोल्टांवर तेल मारून ठेवलं होतं तरी दोन कापावेच लागले. फटीत दोन्हीकडं सागवानी ठोकळे सारले, चेनवर भरवसा ठेवून हात आत घालायचा नाही. गाडी अर्थातच जॅकवर नाही, लोखंडी घोड्यांवर. बॅटरीची वायर सोडलेली.

पाच इंचांच्या फटीतून वरून बघितलं तेव्हा ट्रान्सफर केसच्या डोक्यावर दोन बोटं जाडीचा काळा थर होता, पुरणासारखा घट्ट. बोटानं दाबला तर डिझेल पाझरलं. म्हणजे गळत होतंच! टाकी काठोकाठ असली की तिची पातळी चिरेपेक्षा एक-दोन बोटं वर यायची, तेवढ्यानं थोडं झिरपायचं, आणि वर्षानुवर्षांची धूळ ते पिऊन टाकायची. जमिनीपर्यंत थेंब पोचायचाच नाही.

त्या थरामुळं ग्राइंडर लावला नाही. हॅक्सॉचं नुसतं पातं काढलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि तांबं हातानं कापलं. पाऊण तास लागला. भाचा म्हणाला, "मामा, ग्राइंडरनं दोन मिनिटांचं काम." डिझेल पेट्रोलसारखं भपकन पेट घेत नाही हे खरं, पण डिझेलनं भिजलेली धूळ आणि वर सुकं लाकूड यावर ठिणग्या उडवायला माझी छाती नाही. त्याच जबलपूरच्या जोंगा आणि निसान वन टन या फौजी गाड्यांचं इंजिन मूळचं पेट्रोलचं. तसल्या गाडीखाली तर मी साधा तापणारा बल्बसुद्धा नेत नाही.

बाहेर आलेला तुकडा सुभेदारांनी हातात घेतला. क्लिपखाली तांबं घासून नखाएवढं चपटं झालं होतं, आणि ऑलिव्हच्या शेजारी केसाएवढी चीर पाइपाच्या निम्म्या घेराला फिरली होती. तुकडा किंचित वाकवला की चीर उघडायची, सोडला की मिटायची. चालत्या गाडीत दर धक्क्याला हेच होत असणार.

नव्या लाइनीला बाहेरून दहा मिलिमीटरचा पोलादी पाइप घेतला. वाकवायचा कुठं आणि किती, हे काढायला जाड तार जुन्या वाटेनं आत सारली, जागेवर हातानं बसवली, आणि तशीच अलगद बाहेर काढून जमिनीवर ठेवली. ती झाली फर्मा. तिच्यावर पाइप ठेवत बेंडरनं तीन वळणं दिली. पाइप एकसंध घेतला, मधे कुठंही जॉइंट नाही. मागून एकानं सारायचा, पुढून एकानं ओढायचा, मधल्या फटीतून तिसऱ्यानं क्रॉस मेंबरवरून उचलून द्यायचा. तिसरे सुभेदार होते. फौजेतल्या आवाजात "अजून एक इंच, बस्स!" असं चाललं होतं.

दोन्ही टोकांना मणी, म्हणजे पाइपाचाच गोल उंचवटा, फुलवून घेतला, त्यावर तेलाला टिकणारी छोटी होज आणि गोल बसणारी क्लिप. मणी नसलेल्या सरळ पाइपावर होज कितीही आवळली तरी ओढीच्या बाजूला हवा घेतेच. साधी पाण्याची होज लावाल तर ती डिझेलनं फुगून लोळागोळा होते. आणि टेफ्लॉनची टेप मी डिझेल लाइनीवर कुणाला वापरू देत नाही. तिचे तुकडे आत गेले की थेट पंपाच्या व्हॉल्व्हखाली जाऊन बसतात. हात-दीड हातावर रबरासकट नव्या क्लिपा, ट्रान्सफर केसच्या वर दोन जास्त.

बॉडी खाली घेण्याआधी एका टोकाला बूच मारून दुसऱ्याकडून हातपंपानं ओढ दिली. पाच मिनिटं काटा जागचा हलला नाही. यात घाई करून बॉडी आधी बसवणारे मी पाहिलेत, मीही तरुणपणी बसवलीय. नंतर नेहमीप्रमाणं आधी फिल्टरची, मग मेन पंपाची, शेवटी इंजेक्टरचे नट सैल करून एअर काढली. पारदर्शक नळी मुद्दाम आठ दिवसांसाठी ठेवली. नेहमीसाठी नाही, ती डिझेलनं पिवळी पडून कडक होते.

पाव टाकी डिझेल, मागं तीन हजार लिटर पाणी, आणि यवतेश्वरचा घाट. मी शेजारी बसलो होतो. गाडी सगळी वळणं एका सुरात चढून गेली. वर पोचल्यावर सुभेदारांनी इंजिन बंद केलं, पुन्हा लावलं, परत बंद केलं, परत लावलं. बोलले काही नाहीत.

नवव्या दिवशीचा फोन

"मिस्त्री, आता उलटं झालंय. भरल्या टाकीला बंद पडली."

प्रामाणिकपणे सांगतो, पोटात गोळा आला. स्कूटरवरून वर जाईपर्यंत डोक्यात नवी लाइन, मणी, होज सगळं उलटसुलट तपासून झालं. पोचलो तर गाडी सुरू होऊन उभी. सुभेदार म्हणाले, "डिझेल हाय का बघावं म्हणून टाकीचं टोपण उघडलं, तर फुस्स झालं. मग एका चावीला लागली."

मी विचारलं, "आधी कधी फुस्स व्हायचं का?"

"ह्या आठ दिवसांतच ऐकतोय."

टाकीतून डिझेल जाईल तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी या टाकीला वरच्या अंगाला खाली वळवलेली बारीक नळी आहे. तिच्यात बोट घालून पाहिलं तर मातीचं बूच. कुंभारीण माशीनं घर केलं होतं, आणि माती पार वाळून दगड झाली होती. म्हणजे हे आठ दिवसांतलं नव्हतं, फार जुनं होतं.

मग इतके दिवस टाकी श्वास कुठून घेत होती? त्या चिरेतून. चिरेतून शिरलेली हवा डिझेलबरोबर फिल्टरपर्यंत जायची आणि तिथून, जादा डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइनीनं, टाकीत पोचायची. गाडी हुंदके देत होती ते तिथूनच, आणि टाकीचा कोंडमारा सुटत होता तोही तिथूनच. मी चीर बंद केली आणि टाकीचं एकमेव नाक दाबलं.

भरल्या टाकीलाच का, याचंही उत्तर सरळ आहे. काठोकाठ टाकीत वर समजा पाच लिटर हवा आहे. एक लिटर डिझेल गेलं की तीच हवा सहा लिटरभर पसरते आणि दाब सहावा हिस्सा उतरतो. फीड पंपाला हा भार फार होतो. निम्म्या टाकीत साठ लिटर हवा असेल तर तेच एक लिटर गेल्यानं जेमतेम दीड टक्का फरक पडतो. घाटातल्या चाचणीला मी पाव टाकी घेऊन गेलो होतो, तर दोष दिसणार कसा? चाचणी मी जुन्या दुखण्याला पकडायला बेतली होती, त्यात नवं निसटलं. आता मी लाइन बदलली की निम्म्या आणि भरल्या अशा दोन्ही टाक्यांवर गाडी पळवतो, आणि एअरच्या प्रत्येक तक्रारीत आधी टाकीचा श्वास बघतो. फुकटचं काम आहे, मिनिटभराचं. आधीच्या माणसानं ते केलं नाही, आणि मीही केलं नव्हतं.

सायकलच्या आऱ्यानं माती कोरून काढली, नळीवर पितळी जाळीचा तुकडा तारेनं बांधला. भरल्या टाकीवर यवतेश्वरच्या दोन खेपा झाल्या, टोपण उघडून ऐकलं, आवाज नाही. त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत, सुभेदारांनी दिलेही नाहीत, आणि हे आम्हा दोघांनाही बरोबर वाटलं.

एक काम राहिलंय. रिटर्न लाइनीतही त्याच हातानं घातलेला तांब्याचा तुकडा आहे, तोही ट्रान्सफर केसच्या वर. बॉडी उचलली होती तेव्हाच बदलतो म्हणालो होतो, पण खेपा खोळंबल्या होत्या. तिथं दाब असतो, त्यामुळं फुटली तर गळताना दिसेल. काळा थर खरवडून ट्रान्सफर केसचं डोकं धुऊन ठेवलंय ते त्याचसाठी. सुभेदार रोज सकाळी खाली वाकून बघतात आणि हंगाम संपला की गाडी घेऊन येतो म्हणालेत.